खरखरीसकट

परवा सकाळी ऑफिसला जायला खाली आले तर गाडीच्या काचेवर राख. चाळणीतून नाचणीचं पीठ भुरभुरावं तशी बारीक, करडी. उत्तरेकडच्या डोंगरांत विजा पडून आगी लागल्या आहेत आणि वारा त्यांची राख इथं सांता क्लारापर्यंत आणून टाकतो आहे. शेजारचे गृहस्थ पाइप घेऊन आपली गाडी धूत होते. मागची डिकी धुऊन होईपर्यंत पुढच्या बॉनेटवर पुन्हा राख बसत होती आणि ते पुन्हा पुढे येऊन धूत होते. अख्ख्या आकाशाशी पाण्याच्या पाइपनं भांडणारा माणूस मी अमेरिकेतच पाहिला. मी वायपर लावायच्या आधी एक चिमूट राख उचलली आणि हुंगली. गेल्या वर्षीचा, दोन हजार सातचा सगळा उन्हाळा नाकातून आत शिरला.

इकडे ऋतूच नाहीत, ही आपल्या लोकांची आवडती तक्रार. कॅलिफोर्नियात बारा महिने एकच हवा, म्हणून त्यांना तिकडचा पाऊस आठवतो, मग ते त्याच्यावर कविता करतात आणि त्या कविता मंडळाच्या कार्यक्रमात आपल्याला ऐकाव्या लागतात. इथं ऋतू आहे. राखेचा. गवत वाळून पिवळं पडलं की तो येतो, सूर्य ताम्हनासारखा लालसर दिसायला लागतो, दुपारी चारला सावल्या नारिंगी होतात आणि घशाशी सतत काहीतरी खवखवत राहतं. त्याच्यावर मात्र कुणी कविता केलेली मी ऐकली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी सांता बार्बराला होते, मास्टर्स संपवत. गावामागच्या डोंगराच्या पलीकडे आग लागली होती आणि ती जळत राहिली, आठवडेच्या आठवडे. गावाला धोका नव्हता, त्यामुळे गावाला तिचं कौतुक होतं. लोक संध्याकाळी वाइनचे ग्लास घेऊन गच्चीत बसत आणि धुराच्या ढगाकडे बघून ‘ब्यूटिफुल’ म्हणत. ग्लासावर हात ठेवायचे तेवढे, राख पडू नये म्हणून. ऑगस्टमध्ये तिथं स्पॅनिश दिवसांची आठवण म्हणून मोठा उत्सव होतो. ज्यांचे आजे-पणजे आयोवाहून आले अशा गोऱ्या बायका झालरीचे घागरे घालून, डोक्याला फुलं माळून रस्त्यावर नाचतात. त्या वर्षी त्यांच्या काळ्या जाळीच्या ओढण्यांवर राख पडत होती आणि त्या ती झटकत नाचत होत्या. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, कमानी, सगळं गाव स्पॅनिश असल्याचा आव आणून उभं. स्पॅनिश लोक यायच्या आधी इथं कोण होतं, हे सांगायला एक भित्तिचित्र होतं, तेही पार्किंगच्या जिन्यात.

तिथं चुमाश लोक होते. आहेतही. तो सगळा किनारा, मागचा डोंगर आणि समोरची बेटं हजारो वर्षं त्यांची. त्यांच्या भाषा निदान सहा तरी होत्या. बहिणी-बहिणी खऱ्या, पण बेटावरच्या माणसाचं बोलणं डोंगराकडच्याला धड कळू नये इतक्या वेगळ्या. आधी पाद्री आले, मग मेक्सिको आलं, मग अमेरिका आली. प्रत्येकानं त्यांना आपली भाषा शिकवली आणि शिकवण्याआधी तोंडातली काढून घेतली. आता रोज सकाळी रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्यांत निवेदिका मालिबू, ओहाय, लोमपोक, पिझ्मो म्हणते. ते सगळे शब्द मुळात या लोकांचे. घरांच्या जाहिरातींतही तेच असतात, सोनेरी अक्षरांत.

मला तुच्छता सहज जमते, हे मी आधीच सांगून टाकते. माझी आई म्हणायची, या पोरीचं नाक जन्मतःच वर आहे, पुढं लग्नात मुंडावळ्या बांधायला अडचण होईल. लग्न अजून झालेलं नाही, पण नाक तसंच आहे. नागपूरहून सांता बार्बराला गेले तेव्हा वाटलं होतं, मोठी विद्वान माणसं भेटतील आणि ते आपोआप खाली येईल. मग मला आमचे प्रोफेसर भेटले.

त्यांचं नाव सांगत नाही. नाव सांगावं असं त्यांच्यात काही वेगळंही नव्हतं, असे प्रोफेसर घाऊक मिळतात. आमच्या लॅबचं काम जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर काढायचं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी चुमाश म्हाताऱ्यांपुढं यंत्र मांडून ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांचं बोलणं उतरवून घेतलं होतं. तबकड्यांवरून टेपवर, टेपवरून संगणकावर असं करत ते आमच्यापर्यंत आलं. प्रोफेसरांना स्वतःला त्यातला एक शब्द येत नव्हता, पण ‘मरत्या भाषा’ या विषयावर ते जगभर बोलत. एका स्लाइडवर काळ्या पार्श्वभूमीवर वाक्य यायचं, की या किनाऱ्याची भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती साठच्या दशकात वारली. मग ते चष्मा काढत, थोडं थांबत, पुसत. चष्मा स्वच्छच असे. नंतर कॉफी आणि कुकीज.

त्यांच्या खालोखाल निनाद. मूळचा पुण्याचा, आमच्या लॅबमध्ये पोस्टडॉक, बायको आणि सहा वर्षांची मुलगी सई यांच्यासह शेजारच्या गोलीटा गावात राहणारा. भागातल्या मराठी मंडळाचा तो सेक्रेटरीही होता. हुशार होता, यात वाद नाही. मुद्रणांतले ओरखडे आपोआप ओळखून काढून टाकणारा एक प्रोग्राम त्यानं लिहिला होता आणि त्याचा टेंभा मिरवायला त्याला कुठलीही जागा चाले, अगदी भजी तळत असतानासुद्धा.

आणि डोलोरेसबाई. त्यांच्यासमोर मी डोलोरेस म्हणायचे, मनात बाई जोडायचे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि नाक माझ्यापेक्षा वर. एका धुरकट दुपारी त्या अपॉइंटमेंट न घेता लॅबमध्ये आल्या, प्रोफेसरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या पणजीचा आवाज तुमच्याकडे आहे. माझी आत्या लुपे तिच्या घरात वाढली. तिला तो ऐकायचाय. तिची फुप्फुसं गेलीत आणि बाहेर हवा कशी आहे ते तुम्हाला दिसतंय. उशीर करू नका.”

प्रोफेसरांचे डोळे चमकले. ते म्हणाले, अर्थातच, हा तर आमचा सन्मान, पण आत्ताच्या अवस्थेत तो आवाज ऐकवणं म्हणजे आत्याबाईंवर अन्याय. केवढी खरखर आहे त्यात. आम्ही तो स्वच्छ करतो, मग सप्टेंबरमध्ये देणगीदारांसाठी आमची एक संध्याकाळ आहे, तिथं त्यांना सन्मानानं बोलावतो.

“म्हणजे तिनं सप्टेंबरपर्यंत थांबायचं,” डोलोरेसबाई म्हणाल्या.

“फार नाही, थोडेच आठवडे.”

“तुम्ही दर भाषणात आम्हाला एका स्लाइडमध्ये पुरता, ते मी दोनदा ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “तिला खरोखर पुरायची वेळ यायच्या आत द्या.” आणि निघून गेल्या. प्रोफेसरांनी आम्हाला सांगितलं, “शी इज व्हेरी पॅशनेट.” एखादी बाई खरं बोलली की तिला पॅशनेट म्हणायचं, ही तिकडच्या सुशिक्षितांची रीत आहे.

त्या दिवसापासून मी डोलोरेसबाईंच्या मागं लागले. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आपल्यासारखंच नाक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं की माणसाला घरचं वाटत असावं. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती समुद्रावरून चालत, आणि टाचांना डांबर लागलेलं. तिथल्या वाळूत जमिनीखालून आपोआप डांबराच्या गुठळ्या येतात. मी पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढून पायरीवर बसून टाचा पुसायला लागले. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. म्हणाल्या, “याच डांबरानं आमच्या होड्यांच्या फळ्या जोडायचे. तोमोल म्हणतात तिला. ती घेऊन बेटांपर्यंत जायचे. आता आमची पोरं पुन्हा बांधतात, वर्षातून एकदा वल्हवत जातात. छान करतात. पण किनाऱ्यावर कॅमेरे घेऊन इतकी माणसं रडत उभी असतात की मी जायचं बंद केलं.”

त्यांनी ओकच्या फळांची पेज केली होती. फळं सुकवायची, फोडायची, दळायची, कडवटपणा जाईपर्यंत पाण्यानं पीठ धूत राहायचं, मग शिजवायचं. मी चमचाभर तोंडात घातली. बिनमिठाची, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव.

“कशी आहे?”

“काहीच चव नाही.”

“बरोबर,” त्या समाधानानं म्हणाल्या. “मलाही नाही आवडत. विद्यापीठातली माणसं येतात, डोळे मिटून ‘वंडरफुल’ म्हणतात. त्यांना मी दुसऱ्यांदा वाढते.”

भाषा त्या पुस्तकांवरून शिकत होत्या. जुन्या संशोधकांनी टिपून ठेवलेल्या शब्दांवरून, निवृत्तीनंतर, रोज सकाळी, गणितं सोडवावीत तशा चिकाटीनं. शब्द पुष्कळ झाले होते, पण ते तोंडात कसे बसवायचे हे सांगणारं कुणी नव्हतं. लुपेआत्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांच्या लहानपणी शाळेत या भाषेतला शब्द तोंडातून निघाला तर तोंडात साबण कोंबत. पुढं तरुणपणापासून एकामागून एक संशोधक टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या दारात आले, आणि प्रत्येकाला आत्यांनी दारातच सांगितलं, मला येत नाही. डोलोरेसबाईंनाही तेच. मला स्पॅनिश येतं, इंग्रजी येतं, बाकी काही येत नाही. पण त्याआधीच्या हिवाळ्यात, ऑक्सिजनची नळी लागल्यावर, त्या एकदा आपण होऊन म्हणाल्या होत्या, आजीचा आवाज कुठं आहे म्हणे, तो एकदा ऐकव. आयुष्यात त्यांनी काही मागितल्याचं डोलोरेसबाईंना दुसरं आठवत नव्हतं.

मी हे सगळं लॅबमध्ये ऐकवलं. निनाद फार हेलावला. त्याच आठवड्यात गणपतीच्या कार्यक्रमाची मीटिंग त्याच्या घरी होती, आणि तिथं पोह्यांची डिश हातात घेऊन त्यानं सगळ्यांना चुमाश लोकांची गोष्ट सांगितली. “यार, आपली पण हीच वेळ येणार आहे. मराठी मरतेय. या वर्षी थीमच ठेवू या, ‘माय मराठी वाचवा’.” काकूंनी माना हलवल्या. तेवढ्यात सई आली.

“बाबा, कॅन आय वॉच टीव्ही?”

“आफ्टर फाइव्ह मिनिट्स, बेटा. गो प्ले आउटसाइड. नो, नो, देअर इज स्मोक. गो प्ले इनसाइड.” मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, “तिला सगळं समजतं हं. फक्त बोलत नाही.”

“आमच्याकडे पण अगदी सेम,” एक काकू म्हणाल्या. “समजतं सगळं. उत्तरं इंग्लिशमधून देतात.”

मी पोहे खात राहिले. वाचवा म्हणे. बुडणाऱ्याला हात द्यायच्या ऐवजी काठावर बॅनर लावणारी ही जमात. बॅनरवर खर्च झाला, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन निम्मं इंग्रजीतून झालं, कारण मुलांना कळायला हवं.

दरम्यान पणजीचा आवाज स्वच्छ होत होता. तो कसा, हे सांगायला हवं. तबकडीवर ओरखडा असला की सुई प्रत्येक फेऱ्याला त्याच्यावरून जाते आणि टक् आवाज येतो. निनादच्या प्रोग्रामला असा टक् दिसला की तो कापायचा आणि दोन्ही बाजूंचं बोलणं ओढून शिवून टाकायचा. पण या भाषेत काही व्यंजनं अशी आहेत, की घशात श्वास अडवायचा आणि मग तो फटकन सोडायचा. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज येतो. आमच्या प्रोग्रामला काटकी आणि ओरखडा यांतला फरक कळत नव्हता. तो इमानानं सगळ्या काटक्या वेचून काढत होता. मला ते पडद्यावर दिसलं आणि मी निनादला दाखवलं.

“हे ओरखडे नाहीत. ओरखडा ठरावीक अंतरानं येतो. हे बघ, हे कुठंही येतायत. ती बाई बोलतेय, निनाद.”

“अगं, तू नंबर बघ ना. नॉइज केवढा ड्रॉप झालाय. सरांना क्लीन पाहिजे होतं, मी क्लीन करून दिलं.”

“आणि खोकला? तो का काढलास?”

“खोकला कोणाला ऐकायचाय? खोकला काढला, कोंबडा काढला, खुर्ची करकरत होती ती काढली. मध्येच एक व्यत्यय होता, कुणीतरी मध्ये आलं असणार, तो पण कट केला. आता ऐक. एकदम स्टुडिओ क्वालिटी.”

मी ऐकलं. गुळगुळीत, मऊ, कडा नसलेला एक आवाज. विमानात सूचना देतात तसा. मी प्रोफेसरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मुद्दा इंटरेस्टिंग आहे, फ्यूचर वर्कमध्ये टाकू. फ्यूचर वर्क म्हणजे शोधनिबंधाचा शेवटचा परिच्छेद. गैरसोयीच्या सगळ्या गोष्टी तिथं नेऊन ठेवतात, म्हणजे त्या करायला लागत नाहीत.

देणगीदारांची संध्याकाळ एका गच्चीवर झाली. बोगनवेलीवर राख, टेबलक्लॉथवर राख, ग्लासांवर हात. डोलोरेसबाई आत्यांना व्हीलचेअरवर घेऊन आल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुरकुतलेला लहानसा चेहरा, त्याच्यावर नाकाशी नळी, नखांना मात्र लालभडक पॉलिश. त्यांना पुढं बसवलं, गळ्यात फुलांचा हार घातला, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. दिवे मंद केले. प्रोफेसरांनी चष्मा काढला आणि तो स्वच्छ आवाज गच्चीभर पसरला.

आत्या मान तिरकी करून ऐकत होत्या. फोटोग्राफर त्यांच्या डोळ्यांतून काहीतरी निघण्याची वाट बघत होता. काहीच निघालं नाही. आवाज संपला आणि आत्या मोठ्यानं म्हणाल्या, “ही कोण बाई?”

“तुझी आजी, टिया,” डोलोरेसबाई वाकून म्हणाल्या. टिया म्हणजे स्पॅनिशमध्ये आत्या.

“माझी आजी?” आत्यांनी मान हलवली. “माझी आजी बोलली की लाकूड फुटल्यासारखं वाटायचं. ही कुणीतरी तोंडात कापूस घेऊन बोलतेय. मला घरी ने.”

मग प्रोफेसर माइककडे झुकले आणि अत्यंत मायेनं म्हणाले, वय झालं की स्मृती दगा देते, आणि म्हणूनच आपलं हे काम किती निकडीचं आहे ते लक्षात येतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. जिनं तिथं एकटीनं बरोबर ऐकलं होतं तिला वेडी ठरवून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चीजच्या टेबलाकडे गेले. मला आयुष्यात अनेक माणसांचा तिटकारा आला आहे, पण एवढ्या माणसांचा एकदम कधी आला नव्हता.

पार्किंगमध्ये डोलोरेसबाई आत्यांना गाडीत बसवत होत्या. आत्यांना एकेका श्वासासाठी खांदे उचलावे लागत होते. मी मदतीला गेले तर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मूळ आवाज आहे ना अजून? की तोही धुतलात?”

“आहे.”

“मी त्यांना उद्या मागेन. ते कमिटीकडे पाठवतील. कमिटी हिवाळ्यात बसेल.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हिचा हिवाळा होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. निबंध छापून येईपर्यंत मूळ फाइल लॅबबाहेर जाऊ शकत नाही, कमिटीपुढं अर्ज करावा. मी माझ्या संगणकाशी जाऊन बसले आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मूळ मुद्रण सीडीवर उतरवायला लावलं. निनाद मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर काय चाललंय ते त्यानं पाहिलं.

“तुझी असिस्टंटशिप जाईल,” तो म्हणाला.

“जाऊ दे.”

त्यानं टेबलावरचा आपला कप उचलला. मग म्हणाला, “मी कॉफी आणायला जातोय. मी काही पाहिलं नाही.” त्याचा भित्रेपणा त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला.

पुढं प्रोफेसरांना ते कळलं. ‘ट्रस्ट’ या विषयावर त्यांनी मला बरंच सुनावलं, शेवटच्या तिमाहीची असिस्टंटशिप काढून घेतली, आणि माझं नाव निबंधातून वगळलं. त्या निबंधात माझं नाव नाही याचा मला अभिमान आहे. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली, मी उत्तरेला आले. लुपेआत्या नोव्हेंबरमध्ये गेल्या, पहिला पाऊस पडून हवा धुवून निघाल्यावर. डोलोरेसबाईंचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. या वर्षी तिकडेही आग आहे, अगदी गोलीटाच्या डोक्यावर. मी विचारलं, काळजी घेताय ना. त्या म्हणाल्या, खिडक्या बंद करून सीडी ऐकत बसले आहे, खरखरीसकट. काटकीसारखं ते व्यंजन आता त्यांना जमतं म्हणे. फोनवर करून दाखवलं. मला वाटलं, धुरामुळं त्यांना खोकला आला, आणि तसं म्हटल्यावर त्या खूश झाल्या.

पण राख हुंगली की मला आठवते ती लुपेआत्या राहायच्या त्या केअर होममधली दुपार. सीडी पर्समध्ये होती, हातात साधा प्लेअर. खिडकीच्या कडेवर राखेची रेघ साचलेली. भिंतीवरच्या टीव्हीवर स्पॅनिश मालिका चालू होती, कुणीतरी कुणालातरी थोबाडीत मारत होतं. दारातच डोलोरेसबाईंनी माझी पर्स तपासली. “माइक नाही ना? रेकॉर्ड काही करायचं नाही. आयुष्यभर ती दारातून माणसं परत पाठवत आली आहे.” मी नाही म्हटलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ही त्या कापसाच्या लोकांतली का?” डोलोरेसबाई म्हणाल्या, “होती.”

मी बटण दाबलं. आधी नुसती खरखर, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. मग लांब कुठंतरी कोंबडा. मग खुर्ची करकरली आणि कुणीतरी खोकलं, छातीच्या तळापासून, दोनदा.

आत्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

आवाज सुरू झाला. म्हातारी काहीतरी गोष्ट सांगत होती. मला एक शब्द कळत नव्हता, पण काटक्या मोडत होत्या, फट्, फट्, वाक्यावाक्याला, आणि मध्ये श्वास ओढल्याचा आवाज. आत्यांचे ओठ हलायला लागले होते. डोलोरेसबाई पलंगाच्या कडेला बसल्या, पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारख्या. निनादनं कापलेला तो मधला तुकडा मीही तोवर ऐकला नव्हता. गोष्ट चालू असताना अचानक एक लहान मुलगी खुदकन हसली. हसू दाबायला गेली आणि आणखीच फुटली. म्हातारी थांबली. खुर्ची करकरली. आणि तिनं तीन-चार शब्द असे काही फेकले, की अर्थ न कळताही मी खुर्चीत सरळ बसले. माझ्या आजोळी असाच ओरडा बसायचा. त्याला भाषा लागत नाही.

सीडीवर शांतता झाली. फक्त खरखर.

आणि त्या शांततेत आत्यांनी हाताच्या पाठीनं नाकाची नळी बाजूला सारली, मान वर केली आणि उत्तर दिलं. एक शब्द नाही, एक अख्खं लांबलचक वाक्य. मग आणखी एक, त्याहून जोरात, काटक्या मोडत, रडवेल्या घाईनं. अन्याय झालेल्या पोरीच्या आवाजात. मी डोलोरेसबाईंकडे पाहिलं. त्या इतकी वर्षं शब्द पाठ करत होत्या, आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनाही काही कळलं नव्हतं, ते इतकं भराभर होतं. सीडीवरची म्हातारी घसा खाकरून पुन्हा गोष्टीकडे वळली आणि आत्या उशीवर मागे टेकल्या. धाप लागली होती. डोलोरेसबाईंनी नळी पुन्हा जागेवर लावली. त्यांचा हात बराच वेळ आत्यांच्या गालावर राहिला.

“टिया, तू काय म्हणालीस तिला?”

“काही नाही,” आत्या इंग्रजीत म्हणाल्या. “मी हसले नाही, रामोन हसला, असं सांगितलं.”

सीडीवर हसली ती मुलगीच होती. आम्ही तिघींनी ते ऐकलं होतं. ज्या भाषेला सगळ्या विद्यापीठानं मृत म्हणून मान्यता दिली होती, त्या भाषेत ही बाई पलंगावर पडल्या पडल्या आपल्या आजीला भावाचं नाव घेऊन थाप मारत होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. माझं वर असलेलं नाक वाहायला लागलं, आणि तिकडं डोलोरेसबाई चष्मा काढून ब्लाउजच्या बाहीनं डोळे पुसत होत्या.

आत्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ तुच्छता होती.

“तुम्ही कशाला रडताय?” त्या म्हणाल्या. “ओरडा मला बसलाय.”